संत सावतोबांचा कार्तिकातला मळा

कार्तिक शुद्ध एकादशी जवळ आली म्हणजे वारकऱ्याच्या घरात दोन ओढी एकदमच सुरू होतात. एक पंढरीची, दुसरी मळ्याची. पाऊस सरलेला असतो, हस्त-चित्रा निघून गेलेली असतात, रानात शाळू वर येत असतो, आणि बागाईत ज्याच्याकडे आहे त्याला तर श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा वेळी पताका खांद्यावर घ्यावी की खोरे हाती धरावे, हा प्रश्न काही आजचा नव्हे. सातशे वर्षांपूर्वी तो अरणगावच्या एका माळ्यासमोरही उभा होता. त्याने तो कसा सोडविला, हे आज भाविकांनी समजून घ्यावे, म्हणून ही सेवा.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, मोडनिंबच्या जवळ अरण हे गाव आहे. येथे शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० मध्ये सावतोबांचा जन्म झाला. आजोबा देवू माळी, वडील परसोबा आणि आई नांगिताबाई. घरात पंढरीची वारी आजोबांपासून चालत आलेली. म्हणजे भक्ती त्यांना बाहेरून आणावी लागली नाही, ती पाटाच्या पाण्यासारखी वरून खाली वाहत आली. पुढे भेंड गावच्या जनाबाईंशी त्यांचा विवाह झाला. विठ्ठल नावाचा मुलगा आणि नागाताई नावाची मुलगी अशी दोन अपत्ये झाली. देवगिरीवर यादवांचे राज्य होते. सावतोबा ज्ञानोबारायांहून आणि नामदेवरायांहून वयाने वडील, पण काळ एकच. संतांची मांदियाळी जमत होती त्याच दिवसांत हे मळ्यात राबत होते.

आता हा मुलूख कसा, ते ध्यानात घ्यावे. पाऊस मुळात थोडा, आणि जो पडतो त्यातला मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात. म्हणून येथला शेतकरी रब्बीचा. आणि माळ्याचा खरा हंगाम तर पाऊस संपल्यावर सुरू होतो, कारण तेव्हापासून पुढे आभाळाकडे पाहून भागत नाही, विहिरीत वाकून पाहावे लागते. पाणी काढायचे साधन मोट. ज्या तरुण मंडळींनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चामड्याची मोठी पिशवी, तिला खाली सोंड. वरून जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून उतारावर चालले की भरलेली मोट वर येई, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे, तेथून पाटाने मळ्यात जाई. मग बैलांना मागे सरकवायचे, मोट पुन्हा विहिरीत. असे सकाळपासून ऊन चढेपर्यंत. पाटाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस दारे धरून उभा. एक वाफा भरला की त्याचे तोंड मातीने बंद करायचे आणि पुढच्याचे उघडायचे. जरा मन भटकले की वाफा फुटला म्हणून समजा. सावतोबांनी चित्त एकाग्र करण्याचा अभ्यास केला तो इथे, आसनावर बसून नव्हे.

आमच्या शास्त्राप्रमाणे आश्विन-कार्तिक हा शरद ऋतू आणि मार्गशीर्ष-पौष हा हेमंत. कार्तिक म्हणजे एक ऋतू जाऊन दुसरा येण्याचा उंबरठा. वैद्यकाने तर कार्तिकाचे शेवटचे आठ दिवस आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस यांना यमदंष्ट्रा म्हटले आहे. यमाची दाढ. या दिवसांत मिताहार करावा, जपून असावे. माणसाला जे लागू ते रोपालाही थोडेफार लागू पडते. दिवसा ऊन चटका देते आणि पहाटे अंगावर काटा येतो. कोवळ्या रोपाला हा फेर सोसत नाही.

म्हणून माळ्याची कार्तिकातली कामे एकामागून एक अशी ठरलेली असतात. पावसाळी वेलांचे वाळलेले मांडव मोडायचे, किडका पाला बाजूला काढायचा. वर्षभर कुजलेले शेणखत उकिरड्यावरून आणून मातीत मिसळायचे. ढेकळे फोडून वाफे बांधायचे, आणि ते सपाट हवेत, नाहीतर एका कोपऱ्यात तळे आणि दुसऱ्यात कोरड. मग लसूण. गड्डा आधीपासून फोडून ठेवायचा नाही. लावणीच्या वेळी पाकळ्या सुट्या करायच्या, बाहेरच्या अंगाच्या टपोऱ्या तेवढ्या निवडायच्या, शेंडा वर ठेवून चार-चार बोटांवर टोचायच्या. लसणाला आधी थंडी लागते आणि नंतर ऊब. थंडीत पात वाढते, दिवस मोठा होऊ लागला की गड्डा भरतो, आणि फाल्गुन-चैत्रात मान पडली की काढणी. कार्तिक चुकला तर गड्डा लहान राहतो.

धणे पेरायचे तर ते आधी रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्या लागतात, रात्रभर भिजवावे लागतात, तरी थंडीत उगवायला आठ-दहा दिवस घेतात. मेथी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिन्याभरात जुडीला होते. मुळा दीड महिन्याचा, पण दाट उगवला तर विरळणी करावी लागते. कांद्याचे मात्र सगळ्यांहून वेगळे. त्याचे बी गादीवाफ्यावर टाकून रोप करायचे, आणि सहा-सात आठवड्यांनी मार्गशीर्ष-पौषात ते उपटून दुसरीकडे लावायचे. बी टाकल्यापासून उगवेपर्यंत वाफ्याला दिवसाआड हलके पाणी हवेच. एकदा वरची माती सुकून पापडी धरली की कोंभ आतच मरतो. ही गोष्ट भाविकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर या भाज्यांची नावे सावतोबांच्या अभंगांत आली आहेत, आणि विहीर, मोट, दोर यांचीही. या साऱ्यांत त्यांना आपला विठ्ठलच दिसला, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. चिकित्सक श्रोता मात्र येथे एक शंका काढतो, आणि ती रास्त आहे. त्या यादीत मिरचीही आहे, आणि आज आपण जिला मिरची म्हणतो ती तर अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. सावतोबांच्या मळ्यात ती असणे शक्य नाही. झेंडूचेही मूळ तिकडचेच. मग काय समजावे? अभंग तोंडातोंडी चालत आले. म्हणणाऱ्याने आपल्या मळ्यातले नाव त्यात घातले असावे, किंवा तो शब्द आधी मिऱ्यासारख्या दुसऱ्या तिखटाचा असावा. यात अभंगाचे काही उणे होत नाही. उलट, सातशे वर्षे माळ्यांच्या पिढ्यांनी तो आपला मानून गायिला, याचीच ती खूण आहे.

थंडी वाढली की माळ्याची रात्रही कामाची होते. त्या भागात पौषात पारा १५ अंशांच्या खाली उतरतो, आणि कधी कडाका पडला की कोवळ्या पिकाचे शेंडे करपतात. जुने माळी त्यावर दोन उपाय करीत आले आहेत. संध्याकाळी हलके पाणी द्यायचे, कारण ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. दुसरे, पहाटेपूर्वी बांधावर ओलसर पालापाचोळा पेटवून धूर करायचा. नाजूक रोपावर काडाचे झोपडे, बुडाशी पाचोळ्याचे पांघरूण. बैलांना गोठ्यात कोरडी जागा, पाठीवर गोणपाट. मोटेचे कातडे सुकून चिरू नये म्हणून त्याला तेल. हे सारे करून मग माणसाने आपली घोंगडी शोधायची. शेवटी स्वतःचा नंबर, हा माळ्याचा धर्म.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अरणपासून पंढरी पायी एका दिवसाच्या वाटेवर. आजोबा वारकरी, वडील वारकरी. आणि परंपरा सांगते की सावतोबा पंढरीला गेले नाहीत. वारकरी संप्रदायात वारी म्हणजे प्राण, आणि वारीला न जाणारा हा माळी मात्र संतमालिकेत मानाने बसलेला. हे कसे जुळावे?

काही जण सोपे उत्तर देतात की देव सर्वत्र आहे, मग जायचे कशाला. हे वाक्य ज्ञानी म्हणतो आणि आळशीही म्हणतो, म्हणून त्यावर विसंबू नये. सावतोबांचे न जाणे समजायचे तर त्यांचा वाफा पाहावा. कांद्याचे बी टाकलेले आहे, दिवसाआड पाणी हवे. एकादशीला निघून पौर्णिमेला परतायचे म्हटले तरी चार-पाच दिवस गेले. तेवढ्यात कोंभ मेला तर मरणाऱ्याचा अपराध काय? ज्याला आपण मातीत घातले, त्याला पाणी द्यायचे ऋण आपल्यावर आले. गीतेत भगवंतांनी स्वकर्माने ईश्वराची अर्चना सांगितली आहे. सावतोबांनी ती अक्षरशः केली. खुरपे हे त्यांचे पूजेचे साहित्य झाले.

पण हे सोपे गेले असे समजू नका. त्यांची एक कथा सांगतात. एकदा सासुरवाडीचे पाहुणे आले, आणि सावतोबा भजनात असे रंगले की त्यांना कोण आले, कोण बसले याचे भान राहिले नाही. जनाबाई रागावल्या. त्यांचे काय चुकले? माहेरची माणसे दारात आणि घरधनी ध्यानात. शेवटी सावतोबांनीच त्यांना समजावून शांत केले. कीर्तनात ही कथा आली की श्रोते हसतात, पण मला वाटते, त्या माउलीकडेही पाहावे. मळ्याला पाणी, बैलांना वैरण, घरात दोन लेकरे, वर आल्यागेल्याची उठबस. सावतोबांच्या नामस्मरणाला जो निवांतपणा लाभला त्यातला काही भाग जनाबाईंच्या कष्टाचा होता. संतचरित्रात अशा वाट्याचा हिशेब कोणी लिहीत नाही, पण पांडुरंगाच्या वहीत तो असणारच.

आणि मग ती थोर कथा. पैठणचे कूर्मदास, ज्यांना हातपाय नव्हते, ते सरपटत पंढरीला निघाले आणि लऊळला येऊन थकले. त्यांना भेटायला देव स्वतः निघाले, बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव. वाटेत अरण लागले. देवांना सावतोबांची आठवण झाली, म्हणून दोघांना मागे ठेवून ते एकटेच मळ्यात शिरले आणि म्हणाले, मला लपव. सावतोबांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. लपवायला पेटी नाही, कोठार नाही. त्यांनी खुरप्याने आपले उदर चिरले आणि देवाला आत ठेवून वरून घोंगडी घेतली. नामदेवांना देव दिसेनात, ते व्याकूळ झाले, आणि अखेरीस आत दडलेल्या देवाची खूण त्यांना पटली. कोणी ही कथा अक्षरशः घ्यावी, कोणी अर्थाने घ्यावी. अर्थ इतकाच की ज्याला जाता येत नाही त्याच्याकडे देव येतो. कूर्मदासांना देह आडवा आला, सावतोबांना मळा आडवा आला. दोघांच्याही बाबतीत चालण्याचे काम देवाने केले.

सावतोबांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले असे सांगतात. आज ३७ अभंग उपलब्ध आहेत. आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ या दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सावतोबा पांडुरंगी विलीन झाले. पुढच्याच वर्षी ज्ञानोबारायांनी कार्तिकात आळंदीला समाधी घेतली. अरणला सावतोबांची समाधी आहे. आषाढीला साऱ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात, पण सावतोबांची पालखी जात नाही. पांडुरंगाचीच पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. तो रिवाज म्हणजे वरच्या कथेवर वारकऱ्यांनी उठवलेली मोहोर होय.

आज मोट राहिली नाही. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि माढ्याच्या रानात ऊस उभा राहिला. आता बटण दाबले की पाणी. तरी कार्तिकाची ओढाताण तशीच आहे. म्हणून दोन शब्द सांगून सेवा पुरी करतो. ज्याला कार्तिकी करायची आहे त्याने लसूण आधी लावून घ्यावा आणि दशमीच्या आत वाफे भिजवून घ्यावेत. लसणाला मग आठ दिवस ओल पुरते. कांद्याचे रोप असेल तर ते कोणावर सोपविले आहे याची खात्री करावी, आणि पंढरीहून परतल्यावर प्रसादाचा पहिला घास त्याला द्यावा, मग ती घरची लक्ष्मी असो, म्हातारा बाप असो की शेजारी असो. ज्याला सोपवायला कोणीच नाही त्याने खंत करू नये. दारे धरून उभे राहावे आणि मुखाने नाम घ्यावे. मात्र ज्याच्या मळ्यात काम नाही आणि पायांत बळ आहे, त्याने सावतोबांचे नाव पुढे करून घरी बसू नये. सावतोबा घरी बसले नव्हते, ते मळ्यात उभे होते.

रामकृष्णहरि.