जबड्याचा फोटो काढताना ऑपरेटर बाहेर का जातो? डॉ. केल्स यांची गोष्ट

स्क्रूचा पक्का दात बसवायचा म्हटलं की डॉक्टर आधी जबड्याचा फोटो काढून आणायला सांगतात. सेंटरवरचा ऑपरेटर आपल्याला मशीनपुढं उभं करतो, हलू नका म्हणतो आणि स्वतः दाराबाहेर जाऊन बटण दाबतो. आपल्याला आत ठेवून हा गडी का पळाला, असं कुणालाही वाटेल. या सवयीमागं ज्यांचे हात गेले, त्यातले एक होते डॉ. चार्ल्स एडमंड केल्स.

केल्स अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातले. जन्म १८५६ चा, वडीलही दातांचे डॉक्टर. १८७८ मध्ये न्यूयॉर्कला शिक्षण पूर्ण करून ते गावी परतले. यंत्रांचं भारी वेड. तोंडातलं रक्त-लाळ ओढून घेणारा पंप त्यांनी तयार केला. त्या काळी एकटी बाई दवाखान्यात यायला कचरायची, म्हणून १८८५ मध्ये त्यांनी मदतनीस म्हणून बाई ठेवली. हेही तेव्हा नवलच होतं.

१८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटजेन यांना एक्स-रे सापडले. पुढच्याच वर्षी केल्सनी आपल्या दवाखान्यात मशीन उभं केलं. तोवर हिरडीखाली काय चाललंय हे डॉक्टरला अंदाजानंच ठरवावं लागे. १८९९ मध्ये त्यांनी दाताच्या मुळात शिशाची बारीक तार घालून फोटो काढला आणि मूळ किती लांब आहे ते बघितलं. आधी मोजायचं, मग हात लावायचा, हा त्यांचा मार्ग.

आज हेच मोजणं पार पुढं गेलंय. दात काढल्यावर तिथलं हाड हळूहळू झिजतं, विशेषतः रुंदीला. साध्या चपट्या फोटोत हाडाची उंची कळते, रुंदी कळत नाही. म्हणून सीबीसीटी स्कॅन करतात. त्यात हाडाचे काप पाडल्यासारखी चित्रं मिळतात: रुंदी किती उरली, खालच्या जबड्यातली नस किती अंतरावर आहे, वर सायनसची पोकळी कुठवर आलीय. हाड कमी असेल तर कुठं आणि किती भर घालायची, म्हणजे ग्राफ्ट करायचा, हे यावरून ठरतं. नशीला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते, त्यामुळं हा खर्च टाळू नये असं आमचं मत.

केल्सकडं यातलं काहीच नव्हतं. तेव्हाच्या नळीचा जोर सारखा कमी-जास्त व्हायचा. फोटो नीट येईल का हे बघायला ते दरवेळी स्वतःचा हात किरणांसमोर धरायचे आणि पडद्यावर बोटांची हाडं स्पष्ट दिसतात का ते पाहायचे. असं दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं. किरण दिसत नाहीत, तेव्हा दुखतही नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. हाताला कॅन्सर झाला. एकामागून एक ऑपरेशनं झाली, बोटं गेली, मग पंजा, शेवटी हातच गेला.

तरी ते गप्प बसले नाहीत. किरणांपासून सांभाळून राहा, असं ते इतर डॉक्टरांना सांगत राहिले. त्यांची दुसरीही एक तक्रार होती. फोटोत जरा सावली दिसली की चांगले दात उपटण्याची तेव्हा लाटच आली होती. १९२० च्या एका भाषणात त्यांनी आपल्याच व्यवसायातल्या लोकांना यावरून सुनावलं.

७ मे १९२८ रोजी, दुखण्याला कंटाळून, केल्सनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

आता मशीनमधून निघणारे किरण त्या काळाच्या मानानं फारच थोडे असतात. गरजेपुरत्या एखाद्या फोटोनं घाबरायचं कारण नाही. फक्त बाई गरोदर असेल तर आधीच सांगावं. ऑपरेटरचं तसं नाही. आपला फोटो एकच, तो मात्र दिवसभर एकामागून एक काढतो. म्हणून तो बाहेर जातो.