तारायंत्राच्या काळातील राणी

पाठीशी मूल बांधून, हाती तलवार घेऊन घोडा उडवणारी झाशीची राणी हे चित्र आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्या चित्रात न दिसणाऱ्या काही गोष्टी आहेत. त्याच वर्षांत हिंदुस्थानात लोखंडी रूळ अंथरले जात होते, तारांचे खांब रोवले जात होते आणि सैनिकांच्या हाती नव्या बंदुका येत होत्या. लक्ष्मीबाईंचे आयुष्य या स्थित्यंतराच्या ऐन मध्यावर घडले. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, तर त्यांच्या लढ्याचे मोल अधिक नेमकेपणाने उमगते.

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका. त्यांचा जन्म वाराणसीस झाला. वडील मोरोपंत तांबे पुढे बिठूर येथे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयास राहिले आणि तेथेच मणिकर्णिकेचे बालपण गेले. लेखन-वाचनाबरोबर घोडदौड आणि शस्त्रविद्या त्यांनी आत्मसात केली. १८४२ मध्ये झाशीचे संस्थानिक गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नेवाळकर हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे. बुंदेलखंडातील या दरबारात मराठी भाषा आणि मराठी रीतिरिवाज नांदत होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली. त्यानंतर सात महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, गंगाधररावांचे निधन झाले. पोटचा मुलगा तान्हेपणीच गेला होता. म्हणून मृत्यूपूर्वी त्यांनी नात्यातील आनंदराव यास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने हे दत्तकविधान अमान्य केले आणि मार्च १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. योगायोग असा, की त्याच मार्च महिन्यात आग्र्याहून कलकत्त्यास तारेने पहिला संदेश गेला. त्याच वर्षी साऱ्या देशासाठी अर्ध्या आण्याचे टपालही सुरू झाले. आगगाडी, तारायंत्र आणि स्वस्त टपाल या तिन्ही गोष्टींचे श्रेय इतिहासकार डलहौसीच्या कारकिर्दीला देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या हाताने तारा ओढल्या त्याच हाताने राज्ये गिळली, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. नवी साधने प्रजेच्या सोयीची होती, तशीच ती दूर बसून राज्य हाकणाऱ्यांच्याही सोयीची होती.

राणींनी प्रथम तलवार उपसली नाही, लेखणी उचलली. दत्तकविधान शास्त्रसंमत कसे आहे, पूर्वीच्या तहांत काय मान्य केले होते, याचे दाखले देणारे खलिते त्यांनी कलकत्त्यास पाठवले. जॉन लँग या वकिलाचा सल्लाही घेतला. उपयोग झाला नाही. महिना पाच हजार रुपयांचे निवृत्तिवेतन देऊ करून कंपनीने किल्ला ताब्यात घेतला.

१८५७ चा वणवा पेटला त्याला एक तांत्रिक निमित्तही होते. नव्या एनफिल्ड बंदुकीच्या नळीला आतून पीळदार खाचा होत्या. त्यामुळे गोळी फिरत जाई आणि लांबचा वेध अचूक घेई. मात्र तिचे काडतूस दातांनी तोडावे लागे, आणि त्याला गाय व डुक्कर यांची चरबी लावली आहे, अशी बातमी शिपायांत पसरली. साधन कितीही सरस असो, ते ज्याच्या तोंडी द्यायचे त्याचे मन विचारात घेतले नाही, तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. जूनच्या आरंभी झाशीच्या छावणीतील शिपाई उठले आणि ८ जूनला तेथील इंग्रजांची कत्तल झाली. राणींनी लागलीच आयुक्त अर्स्किन यास पत्रे लिहून आपली बाजू कळवली. ही पत्रे नेणारे हरकारे धोक्याच्या वाटांनी पायी जात. नवा कारभार होईपर्यंत राज्य सांभाळावे, असे अर्स्किनने जुलैत कळवले; पण कलकत्त्याच्या सरकारने राणींवर विश्वास ठेवला नाही.

पुढचे महिने त्यांच्या कर्तृत्वाचा खरा काळ होता. राणींनी सैन्य उभारले, तोफा ओतवल्या, दारूगोळा तयार करवला. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे प्रमाण जाणणारे कारागीर, तटाचा दगड पारखणारे गवंडी, गुलाम गौस खान यांच्यासारखे गोलंदाज, ही झाशीची स्वतःची विद्या होती. आकाराने लहान असलेल्या राज्याने ती जिद्दीने पणाला लावली.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझ झाशीपुढे आला. त्याच्या सैन्याला चारा मिळू नये म्हणून राणींनी भोवतालचा मुलूख आधीच उजाड करवला होता. परंतु ग्वाल्हेर आणि ओरछा या दरबारांनी इंग्रजांना रसद पुरवली. तोफांच्या भडिमाराने तट ढासळे आणि शहरातील लोक पुन्हा तो उभा करत. बायकाही तोफांपाशी दारूगोळा वाहत होत्या, हे खुद्द शत्रूने नोंदवून ठेवले आहे. ३१ मार्चला तात्या टोपे सुमारे वीस हजारांची फौज घेऊन बेतवेपाशी आले आणि त्यांनी मोठा जाळ पेटवून झाशीला आपल्या आगमनाची खूण दिली. तिकडे रोझनेही टेकडीवर निशाणे फडकावून खबर देण्याची सोय केली होती. १ एप्रिलला तात्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले.

त्यानंतरच्या लुटीत राजवाड्यातील ग्रंथसंग्रह नष्ट झाला. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते. त्यांच्या प्रवासवृत्तात हा विध्वंस वाचताना मन विषण्ण होते. तोफ पुन्हा ओतता येते, हाताने उतरवलेली एकुलती एक पोथी जळाली की ती कायमची गेली.

४ एप्रिलच्या रात्री राणी दामोदररावांसह किल्ल्यातून निसटल्या आणि घोड्यावरून कालपीस पोहोचल्या. तेथून ग्वाल्हेर. १७ जून १८५८ रोजी (काही नोंदींनुसार १८ जून) कोटा की सराय येथील लढाईत त्यांना वीरमरण आले. दामोदरराव पुढे इंदूरला राहिले. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाशीला रेल्वे आली आणि हे शहर मोठे जंक्शन बनले. २०२१ मध्ये स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले. किल्ल्यात कडकबिजली आणि भवानीशंकर या तोफा आजही पाहावयास मिळतात. मात्र राणींचे निर्विवाद ठरलेले एकही छायाचित्र उपलब्ध नाही. छायाचित्रणाची कला त्यांच्या हयातीतच हिंदुस्थानात पोहोचली होती. पण आज मोबाईलवर त्यांचे म्हणून फिरणाऱ्या छायाचित्रामागे भक्कम पुरावा आढळत नाही. त्या दिसत कशा, बोलत कशा, हे जाणून घ्यायचे तर आजही जॉन लँग आणि विष्णुभट गोडसे या दोघांनी शाईने लिहिलेल्या वर्णनांकडेच वळावे लागते.