लेकीच्या पावलांसाठी

मध्यंतरी घोडेगावच्या पुढं, डिंभे धरणाच्या बाजूच्या एका वस्तीवर गेले होते. तिथं एक ताई भेटल्या. वय पन्नाशीच्या पुढं. लहानपणी पोलिओ झालेला, तेव्हापासून उजव्या पायात कॅलिपर. त्याचा चामडी पट्टा तुटलेला आणि सुतळीनं बांधलेला. उभं राहिलं की गुडघा मुडपायचा. त्यामुळे दोन महिने मंचरला जाऊन अस्तर-दोरे आणणं बंद, म्हणून शिलाई मशीनही बंद. आता या वयात कुठं फिरायचंय, असं घरच्यांचं मत. म्हणजे एका पट्ट्यापायी कमावती बाई घरात बसली होती!

जुन्नरला परतताना एसटीत मला सारख्या फातिमा इस्माईल आठवत होत्या.

मैत्रिणींनो, हे नाव आपल्यापैकी फार जणींना माहीत नसेल. मुंबईतल्या एका श्रीमंत कापूस व्यापारी घराण्यात १९०३ साली त्यांचा जन्म झाला. उमर सोबानी हे त्यांचे भाऊ. १९२१ साली गांधीजींच्या हस्ते परळला परदेशी कापडाची मोठी होळी झाली, ती याच उमरभाईंच्या गिरणीच्या आवारात. अशा घरातली मुलगी गप्प कशी बसेल? लग्नानंतर फातिमाबाईंनी बायकांच्या गृहउद्योगाचं आणि प्रौढ शिक्षणाचं काम केलं. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा दिला.

पण त्यांच्या आयुष्याला खरं वळण दिलं ते घरातल्या दुखण्यानं. १९४५ च्या सुमाराला त्यांच्या लहानग्या लेकीला पोलिओ झाला. तेव्हा पोलिओची लस नव्हती, ती आली १९५५ साली. पोलिओत पायाला कळतं सगळं, चिमटा काढला तरी जाणवतो, पण स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच निकामी होतात. पाय लुळा पडतो. नशिबाचा भोग म्हणायचं आणि मूल कोपऱ्यात बसवायचं, हीच तेव्हाची रीत. शहर असो की खेडं.

फातिमाबाईंनी ती रीत मानली नाही. मद्रासला डॉ. किणी नावाचे हाडांचे नामांकित डॉक्टर आहेत असं कळल्यावर त्या लेकीला घेऊन तिकडे गेल्या. महिनोन्‌महिने परक्या गावात राहिल्या. पुढं पुण्याला आल्या. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या जवानांसाठी पुण्यात व्यायामोपचाराची सोय झाली होती. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्रही इथंच १९४४ साली सुरू झालेलं. लढाईत पाय गमावलेला शिपाई पुन्हा चालू शकतो, तर माझी मुलगी का नाही, एवढा साधा विचार त्या आईच्या मागे असणार. रोजचा व्यायाम, मालिश, आधार यांनी लेक हळूहळू सुधारली.

आपण असतो तर देवाला नारळ फोडून संसाराला लागलो असतो. फातिमाबाई मात्र तिथं थांबल्या नाहीत. आपल्याजवळ पैसा होता, ओळखी होत्या, म्हणून मद्रास-पुणे करता आलं. ज्या आईजवळ गाडीभाडंसुद्धा नाही तिनं काय करायचं? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४७ साली, देश स्वतंत्र होण्याच्या तोंडावर, त्यांनी मुंबईत एका छोट्या जागेत पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापली. मंत्री, डॉक्टर, दानशूर मंडळी, सगळ्यांचे उंबरे झिजवले. त्यातूनच हाजी अलीला मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. त्याच परिसरात १९५५ साली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही निघाली, ती आजही आहे.

या कामातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ऑपरेशन करून मुलाला घरी धाडलं की काम संपलं, असं इथं नव्हतं. व्यायाम हवा, कॅलिपर हवं आणि ते वापरायला शिकवणारं माणूसही हवं. कॅलिपर म्हणजे नुसत्या लोखंडी पट्ट्या नव्हेत. मांडीचं आणि पोटरीचं माप, गुडघ्याजवळची कडी, बुटाची उंची, सगळं त्या एकाच पायाचं असावं लागतं. मूल वाढलं की ते आखूड पडतं, पुन्हा नवं करावं लागतं. दुसऱ्याचं मागून आणलं तर चालणं राहिलं बाजूला, जखमाच व्हायच्या.

१९५८ साली फातिमाबाईंना पद्मश्री मिळाली. १९७८ ते १९८४ त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या. १९८७ साली त्या गेल्या. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला. तो दिवस बघायला त्या हव्या होत्या.

पोलिओ गेला, पण पोलिओ झालेली पिढी आपल्यातच आहे, जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक मोठ्या गावात. शिवाय अपघात, लकवा, मधुमेहानं पाय गमावलेली माणसं वेगळीच. आज मद्रासला जायची गरज नाही. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र असेल, तर केंद्राच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत साधनं मिळतात. एकदा घेतलेलं साधन तीन वर्षांनी पुन्हा मागता येतं, बारा वर्षांखालच्या मुलाला वर्षानं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत तो विचारायला लाजू नका.

फक्त मिळतंय म्हणून घेऊ नका. व्हीलचेअर घरी न्यायच्या आधी दाराची रुंदी मोजा, उंबरा बघा, संडासापर्यंतची वाट बघा. माळ्यावर धूळ खात पडलेल्या कितीतरी खुर्च्या मी पाहिल्यात, कारण त्या दारातून आतच गेल्या नाहीत.

त्या ताईंचा पट्टा आम्ही मंचरला एका चांभारदादांकडून शिवून घेतला. नव्या कॅलिपरसाठी पुण्याला मापही देऊन आलो. परतताना ताईंनी मंचरला उतरून आधी अस्तर घेतलं, मगच घरची गाडी धरली.