विद्यामंदिर उभारणारा मोची : डॉ. विल्यम कॅरी

इंग्लंडातील पॉलर्सपरी या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी एका विणकराच्या घरी विल्यम कॅरी यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच झाले आणि चौदाव्या वर्षी ते जोडे शिवण्याचे काम शिकू लागले. परंतु हाती आरी असताही त्यांनी पुस्तक सोडले नाही. लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा त्यांनी स्वपरिश्रमाने संपादन केल्या. विद्यार्थी या नात्याने महाविद्यालयाची पायरी ते कधीच चढले नाहीत.

१७९३ साली ते बंगालात आले. पुढल्याच वर्षी त्यांचा लहानगा पुत्र पीटर निवर्तला, पत्नीस चित्तभ्रम जडला. तरी त्यांनी नांगरावरील हात काढला नाही. सात वर्षांच्या पेरणीनंतर, १८०० च्या अखेरीस, कृष्ण पाल नामक सुताराने बाप्तिस्मा घेतला.

त्याच वर्षी कॅरी श्रीरामपुरास राहावयास आले होते. हे आपल्या नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे. हे हुगळी नदीकाठचे असून तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. तेथे मार्शमन व वॉर्ड हे त्यांचे सहकारी झाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात कॅरी बंगाली, संस्कृत व पुढे मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश प्रसिद्ध केला. मिळालेल्या वेतनातून पोटापुरते ठेवून बाकीचे ते मिशनच्या सामायिक निधीत घालीत. मार्शमन यांच्या शाळांचे व वॉर्ड यांच्या छापखान्याचे उत्पन्नही त्याच निधीत पडे.

या देशास सुवार्ता याच देशाच्या पुत्रांनी सांगावी आणि त्यांस भरपूर विद्या असावी, अशी या तिघांची खातरी होती. म्हणून १८१८ साली त्यांनी श्रीरामपूर महाविद्यालय स्थापिले. आरंभी विद्यार्थी ३७. ख्रिस्ती व ख्रिस्तीतर, दोघांसही द्वार मोकळे होते. जन्माची जात न पाहता ख्रिस्ती तरुणांस तेथे संस्कृतही शिकवीत. नदीकाठी उंच स्तंभांची भव्य इमारत उभी राहिली, तीही मुख्यत्वे या तिघांच्या कमाईतून. लोखंडी जिना व फाटक डेन्मार्कच्या राजाने दिले. १८२७ साली त्याच राजाने पदव्या देण्याची सनदही दिली. १८४५ साली श्रीरामपूर इंग्रजांस विकले गेले, तरी करारान्वये सनद कायम राहिली. तिच्या आधारे १९१५ साली धर्मज्ञानाच्या पहिल्या पदव्या देण्यात आल्या. आजही देशातील अनेक पाळक याच सनदेखालील पदवी धारण करितात.

९ जून १८३४ रोजी कॅरी प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. त्यांनी संपत्ती मागे ठेविली नाही, विद्यालय ठेविले.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीतही मूठ-मूठ धान्य अर्पण करणारे हात आहेत. त्या धान्यातून गावातील एखाद्या गरीब मुलामुलीची पाटी-पुस्तके झाली, तर तेही महाविद्यालयाचीच एक वीट होय. आम्ही हलक्या कुळातले, आम्हांस विद्या कशाला, असे ज्यास वाटते त्याने या मोच्याचे स्मरण करावे.