कुकरचे जनक दनी पापँ

(मुख्याध्यापकांच्या लेखणीतून)



आपल्या कुळगीच्या आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर आजही पुष्कळ घरांत भात चुलीवरच शिजतो. परंतु २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची शेगडी रानातल्या घरांपर्यंतही पोहोचू लागली, आणि शेगडीच्या मागोमाग कुकर येतोच. नवा कुकर घरात आला की पहिले चार दिवस कोणी त्याच्याजवळ जायला धजत नाही, आणि पाचव्या दिवसापासून कोणालाच त्याची भीती उरत नाही. या दोन्ही गोष्टी बऱ्या नव्हेत. म्हणून या अंकात हे भांडे जगात प्रथम कोणी बनवले, त्यांचे चरित्र सांगणार आहे. त्यांचे नाव दनी पापँ. इंग्रजीवरून आलेल्या पुस्तकांत तुम्हांला ते डेनिस पॅपिन असे आढळेल.

पापँ यांचा जन्म २२ ऑगस्ट १६४७ रोजी फ्रान्समधील ब्लुआ शहराजवळच्या शितने या खेड्यात झाला. त्याच काळात इकडे शिवाजी महाराज स्वराज्याचे पहिले किल्ले हाती घेत होते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे काळाचा अंदाज येईल. घराणे प्रोटेस्टंट पंथाचे होते आणि फ्रान्समध्ये त्या पंथाचे लोक थोडे. ही गोष्ट पुढे त्यांच्या आयुष्यावर फार परिणाम करणारी ठरली. त्यांनी आंजे येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १६६९ साली पदवी मिळवली, पण रोग्यांची नाडी पाहण्यात त्यांचे मन रमले नाही. ते पॅरिसला गेले आणि क्रिस्तियान हायगेन्स या थोर शास्त्रज्ञांचे साहाय्यक झाले. हायगेन्स यांच्याकडे हवा काढून घेणाऱ्या पंपाचे प्रयोग चालत. तिथेच त्यांची लाइबनिट्स या तरुण जर्मन विद्वानाशी ओळख झाली व ती पत्रांतून आयुष्यभर टिकली.

१६७५ साली पापँ लंडनला गेले आणि रॉबर्ट बॉइल यांच्याबरोबर काम करू लागले. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना बॉइलचा नियम ठाऊक असेल, तेच हे बॉइल. हवेचा दाब, वाफेचा दाब, पोकळी, हेच विषय पुन्हा समोर आले. आणि १६७९ साली पापँ यांनी रॉयल सोसायटीला एक जाड धातूचे, स्क्रूने घट्ट आवळता येणाऱ्या झाकणाचे भांडे दाखवले. त्याला त्यांनी नाव दिले डायजेस्टर, म्हणजे पचवणारे भांडे.

यातील विचार साधा आहे. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते. आपण घाटमाथ्यावर राहतो म्हणून आपल्याकडे थोडे आधीच. खाली कितीही जाळ वाढवा, पाणी त्याहून तापत नाही, जास्तीची उष्णता वाफेबरोबर निघून जाते. वाफ कोंडली तर मात्र दाब वाढतो आणि पाणी अधिक तापल्यावरच उकळते. आजच्या घरगुती कुकरमध्ये ते सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. या वीस अंशांत कुळीथ, चणे, वाटाणे मऊ होतात आणि लाकूडफाटा किंवा गॅस वाचतो. पापँ यांचा रोख हाडांवर होता. टाकून दिल्या जाणाऱ्या हाडांतून गरिबांना पौष्टिक रस मिळावा, तोही थोड्या कोळशात, असे त्यांच्या मनात होते. १६८१ साली त्यांनी या भांड्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात कोणता पदार्थ किती कोळशावर कसा शिजला, याच्या बारीक नोंदी आहेत. १२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या सदस्यांना याच भांड्यांत शिजवलेले जेवण वाढण्यात आले. जॉन एव्हलिन या सदस्याने रोजनिशीत लिहून ठेवले आहे की मांसातली हाडे मऊ झाली होती आणि माशांचे काटेही खाता येत होते. तिथली थोडी जेली त्याने बायकोसाठी पाठवलीही!

आता मुख्य गोष्ट. वाफ कोंडणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ती वेळेवर सोडणे. आपण एक हिशेब करून पाहू. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जास्त दाब असतो. झाकण २० सेंटिमीटर व्यासाचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ होते सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे आतली वाफ ते झाकण ३१४ किलोच्या जोराने वर ढकलत असते. पन्नास किलोची सहा पोती तांदूळ, वर थोडा आणखी! भांडे शेगडीवर शांत बसलेले दिसते म्हणून हे आपल्या ध्यानात येत नाही.

पापँ यांच्या ते ध्यानात आले होते. त्यांनी झाकणाला एक लहानसे छिद्र ठेवले, त्यावर एक झडप बसवली आणि झडपेवर आडवी दांडी टेकवून दांडीच्या टोकाकडे वजन लावले. वजन पुढे-मागे सरकवले की झडप किती दाबाला उचलली जाईल ते ठरवता येई. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की वाफ स्वतःच झडप उचलून बाहेर पडे. जगातील सेफ्टी व्हॉल्व्हची ही सुरुवात. पुढे रेल्वेच्या इंजिनापासून साखर कारखान्याच्या बॉयलरपर्यंत जिथे जिथे वाफ कोंडली गेली तिथे तिथे या झडपेचे कोणते ना कोणते रूप बसवावे लागले. छिद्र तीन मिलिमीटरचे असेल तर त्यावर सुमारे सत्तर ग्रॅम वजनसुद्धा तेवढा दाब तोलून धरते. हे गणित दहावीच्या मुलांनी स्वतः करून पाहावे. आपण ज्याला शिट्टी म्हणतो ती हीच झडप. वाफ वजन उचलते, बाहेर पडते, वजन पुन्हा खाली बसते.

आतली उष्णता मोजायला त्यांच्याजवळ योग्य थर्मामीटर नव्हता. त्यांनी झाकणावर एक खळगा ठेवला, त्यात पाण्याचा थेंब टाकला आणि तो आटायला किती वेळ लागतो ते लंबकाच्या हेलकाव्यांनी मोजले. आपण आज शिट्ट्या मोजतो. दोघांत जास्त शास्त्रीय कोण, हे सांगायला नकोच. ज्वाला मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्चीच राहते. म्हणून कुकरबरोबरच्या पुस्तिकेत मिनिटे दिलेली असतात.

हे सगळे मला उशिरा कळले. महाविद्यालयात असताना भाड्याच्या खोलीत मी प्रथमच कुकर लावला. गॅस बंद केला, आणि भुकेच्या घाईत वाफ पूर्ण जाण्याआधीच झाकण जोर लावून फिरवले. डाळ छतापर्यंत गेली आणि उजव्या मनगटावर भाजल्याची खूण आजही आहे. डोळे वाचले ते केवळ नशिबाने. म्हणून ज्या घरी कुकर पहिल्यांदाच लागणार आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की पहिल्या दिवशी त्यात अन्न शिजवूच नये. दोन पेले पाणी घालून नुसते पाणीच उकळावे. आधी वजन काढून झाकणावरची नळी उजेडाकडे धरावी. आरपार दिसली पाहिजे. रबरी रिंग झाकणात नीट बसली आहे ना ते पाहावे. नळीतून वाफेची सरळ धार येऊ लागली की मग वजन ठेवावे, शिट्टी होताच आच कमी करावी, आणि गॅस बंद केल्यावर भांड्याला हात न लावता थांबावे. थोड्या वेळाने चमच्याने वजन किंचित उचलून पाहावे. फुस्स आवाज आला तर अजून थांबावे. आवाज अजिबात आला नाही तरच वजन काढून झाकण उघडावे, तेही तोंडापासून दूर तिरके धरून. झाकण अडले तर जोर लावू नये, आत वाफ आहे असेच समजावे. एवढे एकदा डोळ्यांनी पाहिले की भीती जाते आणि बेफिकिरीही येत नाही.

दुसऱ्या दिवशी अन्न. कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त कधीच भरू नये, आणि डाळ-तांदूळ फुगतात, फेसाळतात, म्हणून ते थेट कुकरमध्ये शिजवताना निम्म्याच्या आतच ठेवावेत. डाळीत तेलाचे चार थेंब टाकले तर फेस कमी येतो. डाळीचे साल नळीत अडकले की पापँ यांची सगळी अक्कल वाया जाते. मग उरतो तो फक्त झाकणावरचा दुसरा, धोक्याच्या वेळी वितळून वाफ सोडणारा व्हॉल्व्ह. तो गेला की त्याच्या जागी खिळा, तार किंवा डाग लावून काम भागवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कृपया कोणी करू नये. त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवावा. आणि कुकर पाण्यावाचून कधीही तापवू नये.

असो. पापँ यांच्याकडे परत वळू. त्यांच्या आयुष्याला मात्र कोणतीही सुरक्षिततेची झडप नव्हती. काही वर्षे त्यांनी व्हेनिस येथे काढली, पुन्हा लंडनला येऊन रॉयल सोसायटीत तुटपुंजी नोकरी केली. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि पापँ यांना मायदेशाचे दार बंद झाले. हेसे-कासेलचे राजे कार्ल यांनी त्यांना जर्मनीत बोलावले, आणि मारबुर्ग विद्यापीठात ते गणिताचे प्राध्यापक झाले. १६९१ साली त्यांनी आपल्याच नात्यातील एका विधवेशी विवाह केला.

मारबुर्गमध्ये असतानाच त्यांच्या मनात दुसरा विचार आला. वाफ झाकण उचलते, तर ती दट्ट्या का उचलणार नाही? आणि वाफ थंड होऊन पाणी झाली की बाहेरची हवा तो दट्ट्या खाली ढकलेल. १६९० साली त्यांनी ही कल्पना छापून मांडली. वाफेच्या इंजिनाच्या इतिहासात हे फार मोठे पाऊल होते. कुकरच्या झाकणाकडे पाहूनच सुचले असेल, असे मला आपले वाटते.

१७०७ साली त्यांनी वल्ह्यांची चाके असलेली एक नाव बांधली आणि कुटुंबासह फुल्दा नदीतून लंडनच्या दिशेने निघाले. पुढच्या नदीतून जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नव्हती. म्युंडेन येथे नावाड्यांच्या संघाने ती नाव पकडून मोडून टाकली. ती वाफेवर चालत होती असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. ते खरे नाही. चाके माणसेच फिरवत होती.

तसेच ते लंडनला पोहोचले. बॉइल आता हयात नव्हते आणि रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदी न्यूटन होते. पापँ यांनी आपल्या इंजिनाच्या प्रयोगासाठी मदत मागितली, ती मिळाली नाही. त्यांनी सादर केलेल्या निबंधांचा योग्य मोबदलाही मिळाला नाही. जानेवारी १७१२ मधील शेवटच्या पत्रात त्यांची हलाखी दिसते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये थॉमस न्यूकोमेन यांचे वाफेचे इंजिन एका कोळशाच्या खाणीतले पाणी उपसू लागले. त्यात दट्ट्या होता.

आपल्याकडे पापँ यांचे भांडे स्वयंपाकघरात येण्याआधी, किंवा साधारण त्याच सुमारास, वेगळ्याच रूपात येऊन पोहोचले. दांडेलीचा वेस्ट कोस्ट कागद कारखाना १९५५ साली स्थापन झाला. आपल्या रानातला बांबू त्या कारखान्यात ज्या उंच बंद भांड्यांत दाबाखाली शिजवून त्याचा लगदा करत, त्या भांड्यांना तिथले कामगार डायजेस्टर म्हणतात. तोच पापँ यांचा शब्द. भारतात कुकर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांचे काम सुरू झाले ते १९५९ साली. म्हणजे आपल्यापैकी ज्यांचे वडील-आजोबा कारखान्यात होते, त्यांच्या घरात कुकर येण्याआधी कदाचित वहीचा कागद कुकरमधून आला असेल.

पापँ कधी वारले, हे तीनशे वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. २०१६ साली लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील सेंट ब्राइड चर्चच्या जुन्या दफन-नोंदवहीत त्यांचे नाव सापडले. तारीख होती २६ ऑगस्ट १७१३. चारच दिवसांपूर्वी त्यांना सहासष्ट वर्षे पूर्ण झाली होती.