आंजेलो द फोन्सेका : कागद भिजवणारा चित्रकार

मांडवीच्या एका अंगाला आपली डिचोली आणि दुसऱ्या अंगाला तिसवाडीची बेटं. त्यातलं सांत इस्तेव्ह, म्हणजे आपल्या बोलीतलं जुवें, सात शिरांच्या भेंडीसाठी सगळ्या गोव्याला माहीत आहे. त्याच बेटावर १९०२ साली आंजेलो द फोन्सेका जन्मले. आमच्या मंडळाच्या बैठकीत मी विचारलं, हे नाव कोणकोणाला ठाऊक आहे? दोनच हात वर आले. भेंडीबद्दल विचारलं असतं तर सगळे वर आले असते!

फोन्सेकांचं घर खाऊनपिऊन सुखी. त्या काळच्या अशा घरातला मुलगा डॉक्टर, वकील नाहीतर पाद्री व्हायचा. आंजेलोलाही मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात घातलं होतं. तिथे त्यांचं मन रमलं नाही. वैद्यकी अर्धवट टाकून ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. घरी काय वाटलं असेल ते आपण समजू शकतो. आजही बारावी सायन्सच्या मुलाने आर्ट कॉलेजचं नाव काढलं की घरात दोन दिवस कोणी नीट बोलत नाही.

पण जे. जे. मध्येही ते टिकले नाहीत. १८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेत शिकवण्याची पद्धत विलायती होती. ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवायचे आणि छाया-प्रकाशासकट ते हुबेहूब उतरवायचे. हात तयार होतो, यात शंका नाही. पण आधी नमुना, मग नक्कल, मग चूक शोधणं आणि शेवटी गुण, असा तो क्रम. आपल्याकडच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्यांना हा क्रम नवा नाही. फोन्सेकांना तो पटला नाही आणि त्यांनी थेट बंगाल गाठलं.

तिथे त्यांना दोन गुरू भेटले, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस. या दोघांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्यातले बरेच जण उद्या शिक्षक होणार आहेत.

नंदलाल तरुण असताना त्यांनी तप करणाऱ्या उमेचं चित्र काढलं होतं. चित्रात रंग अगदी कमी. अवनींद्रनाथांनी ते पाहिलं आणि सुचवलं, थोडा रंग घाल, उमेला थोडी सजव. नंदलाल चित्र घेऊन गेले. इकडे गुरूंना रात्रभर झोप नाही. तपाला बसलेली उमा सजेल कशाला? शिष्याने जे पाहिलं ते त्याचं होतं, आपण मध्ये का बोललो? पहाट होताच ते नंदलालांकडे धावले. नंदलाल रंग घ्यायच्या तयारीतच होते, तेवढ्यात गुरूंनी त्यांना थांबवलं. मला विचाराल तर शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही एक गोष्ट सांगितली तरी अर्धा अभ्यासक्रम झाला. मुलाच्या कागदावर हात घालण्याची घाई आपल्याला किती असते! मी स्वतः पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते आणि फळ्यावर दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी नि झोपडी काढून तेच चित्र तीस वह्यांत उतरवून घेतलेलं आहे. पेडण्याच्या मुलांच्या घरासमोर काजूची बाग असते नाहीतर समुद्र असतो. वहीत मात्र तेच दोन डोंगर.

पुढे नंदलाल शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले. तिथे विद्यार्थ्यांनी बाहेर फिरायचं, झाड सकाळी पाहायचं, दुपारी पाहायचं, संध्याकाळी पाहायचं आणि मग खोलीत येऊन आठवणीतून काढायचं. झाडाची प्रत काढायची नाही, झाडाची ओळख झाली की हात आपोआप चालतो, असा त्यामागचा विश्वास. गुरुजीही शेजारी बसून स्वतःचं काम करायचे. तिथून बाहेर पडलेले कित्येक जण मोठे शिक्षक झाले. विनायक मासोजी हे मराठी ख्रिस्ती चित्रकार कलाभवनात शिकले आणि तिथेच शिकवू लागले. देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेले आणि नई तालीमच्या मुलांबरोबर त्यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं राबवली. म्हणजे तिथे नुसते चित्रकार घडत नव्हते, शिकवण्याची एक रीतच हातोहात पुढे जात होती.

फोन्सेकांनी या रीतीतून वॉशची पद्धत उचलली. १९०३ च्या सुमाराला जपानहून ताइकान आणि हिशिदा हे दोन चित्रकार कलकत्त्याला आले होते. त्यांचं काम बघून अवनींद्रनाथांनी ती आपल्या पद्धतीने बसवली. कागदावर जलरंगाचा पातळ थर द्यायचा. वाळला की अख्खा कागद पाण्यात बुडवायचा. वरचा सुटा रंग निघून जातो, मुरलेला राहतो. पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असं कितीतरी वेळा. प्रत्येक बुडीनंतर कागद काहीतरी वेगळंच दाखवतो आणि त्याप्रमाणे पुढचं ठरवावं लागतं. सगळं आधीच ठरवून बसलेल्याचं हे काम नव्हे. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवरचं कावीकाम करणारे कारागीर चुन्यावरचा लाल थर खरवडून आतलं पांढरं बाहेर काढत. वॉशमध्ये खरवडायचं काम पाणी करतं, एवढाच फरक.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फोन्सेका गोव्यात परतले आणि त्यांनी मरीया रंगवायला घेतली. बंगालमध्ये पाहायला शिकलेला माणूस जुव्यात काय पाहणार? डोक्यावरून पदर घेतलेली, अनवाणी, सावळी बाई. त्यांची मरीया तशीच उतरली. साडी नेसलेली, आपल्या अंगणातली वाटावी अशी.

इथेच सगळं बिनसलं. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात संतांचे चेहरे युरोपी असत. मरीया गोरी, तिचा झगा निळा. साडीतली मरीया म्हणजे कित्येकांना धर्माचा अपमानच वाटला. गंमत अशी की आपल्या जुन्या चर्चमधल्या लाकडी मूर्ती कोरणारे हात बऱ्याचदा इथल्या हिंदू कारागिरांचेच होते आणि त्या मूर्तींच्या नाकाडोळ्यांत गोवा केव्हाच शिरला होता. पण ते नकळत झालेलं चालत होतं. कोणी जाणूनबुजून, सही करून केलं, तर चालत नव्हतं. टीका इतकी झाली की फोन्सेकांनी गोवा सोडला.

ते पुण्याला शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात गेले. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यांनी तो उभारला होता. रेव्हरंड टिळकांच्या विचारांचा विन्स्लोंवर मोठा प्रभाव होता. आश्रमात खादी, जमिनीवरची पंगत, साधं राहणं. आश्रम अँग्लिकन आणि फोन्सेका कॅथलिक, पण त्याची अडचण दोघांनाही झाली नाही. स्वतःच्या गावच्या स्वधर्मीयांनी नाकारलेल्या चित्रकाराला दुसऱ्या पंथाच्या आश्रमाने खोली दिली, हे मला त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत बोलकं वाटतं. मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास यांनीही त्यांना पाठबळ दिलं.

पुण्यात त्यांनी शेकडो चित्रं केली. १९५१ साली आयव्हींशी त्यांचं लग्न झालं आणि पुढच्या कित्येक चित्रांतल्या मरीयेला आयव्हींचा चेहरा मिळाला. सगळीच चित्रं मला सारखी आवडत नाहीत. काहींत गोडवा जरा जास्त होतो, चेहरे एकमेकांसारखे वाटतात. पण चांगल्या चित्रांत मरीया इतकी शांत बसलेली असते की तिच्यापुढे आवाज चढवून बोलवत नाही.

कलेच्या जगातही त्यांना जागा मिळाली नाही. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला, त्याच्या पुढाऱ्यांत आपल्याच साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा. या तरुणांना बंगालची मऊ पद्धत जुनाट वाटायची. त्यामुळे चर्चला फोन्सेका फार हिंदी आणि आधुनिकांना फार धार्मिक. सोझांवर पुस्तकं निघाली, लिलाव गाजले. फोन्सेकांची चित्रं घरातच राहिली.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने प्रत्येक देशाच्या आपापल्या कलेला चर्चमध्ये जागा असल्याचं मान्य केलं. ज्यासाठी त्यांना गाव सोडावं लागलं होतं, ते आता रोमनेच मान्य केलं होतं. फोन्सेका तेव्हा साठीत होते. १९६७ साली त्यांचं निधन झालं. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. म्हणजे चित्रं शेवटी गोव्यात आली.

ती पाहून आल्यावर मी गेल्या पावसात वर्गात पाण्याची एक बादली ठेवली. फळ्यावर काहीच काढलं नाही. मुलांना सांगितलं, शाळेत येताना वाटेत जे बघितलं ते आठवा, रंग द्या आणि कागद बुडवा. आधी कोणी तयारच होईना, चित्र खराब होईल म्हणून. मग एकाने बुडवला. त्याचा हिरवा रंग पसरून पार कडेपर्यंत गेला. त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, बाई, हे तर आमचं शेत, पाणी भरल्यावरचं. मग बादलीपाशी रांग लागली. दोन कागद फाटले, माझी साडी भिजली आणि पुढच्या तासाची घंटा कोणाला ऐकू आली नाही.