हृदयाचा आलेख

मुलांनो, कोणाच्या छातीत दुखू लागले, की डॉक्टर कार्डिओग्राम काढतात. अंगाला तारा जोडल्या, की कागदावर नागमोडी रेषा उमटते. हृदय कसे चालले आहे, हे त्या रेषेवरून कळते. ही रेषा स्पष्ट उमटावी म्हणून एका प्राध्यापकाने अनेक वर्षे कष्ट घेतले. त्यांचे नाव विलेम आइंटहोवेन.

त्यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारांग येथे झाला. वडील डॉक्टर होते. पण विलेम लहान असतानाच ते वारले. १८७० साली आई सहा मुलांना घेऊन हॉलंडमधील उट्रेख्त शहरी आली. तेथेच विलेम वैद्यकशास्त्र शिकले. त्यांना खेळांची फार आवड होती. एकदा खेळताना त्यांचे मनगट मोडले. ते नशिबाला दोष देत बसले नाहीत. त्या दुखण्यातूनच त्यांनी कोपराच्या सांध्याचा अभ्यास केला!

१८८६ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ते लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. हृदय धडधडते तेव्हा शरीरात अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली तिची नोंद करून दाखवली होती. परंतु त्या यंत्रातला पारा मंद हाले. त्यामुळे नोंद अचूक येत नसे. आइंटहोवेन किचकट गणित करून तिचा खरा आकार काढत. पण प्रत्येक रोग्यासाठी एवढे गणित कोण करणार?

म्हणून त्यांनी नवे यंत्र तयार केले. मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये त्यांनी केसाहून बारीक, चांदीचा मुलामा दिलेला धागा ताणला. हृदयाची वीज त्यातून गेली, की धागा हाले आणि त्याची सावली फोटोच्या काचेवर टिपली जाई. रोगी मिठाच्या पाण्यात हातपाय बुडवून बसे. यंत्राचे वजन होते सुमारे २७० किलो! ते चालवायला पाच माणसे लागत. ते रुग्णालयात कसे न्यावे? १९०५ साली त्यांनी दीड किलोमीटर दूरच्या रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत तार जोडून घेतली. रोगी तिकडे आणि आलेख इकडे!

१९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २९ सप्टेंबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले. आज ते यंत्र हातात मावते. परंतु आलेखातील चढउतारांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावे अजून तीच आहेत.

मुलांनो, मोठे पद मिळाल्यावर आइंटहोवेन स्वस्थ बसले नाहीत. त्यांचा खरा अभ्यास तेथूनच सुरू झाला. तुम्हीही परीक्षा संपली म्हणून शिकणे थांबवू नका.